निळ्या वाघांच्या बाई

आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्या शिक्षकानं मस्टरमध्ये कारण लिहायचं, असा हेडसरांचा नियम होता. आम्ही बाकीचे सगळे तीनच कारणं आलटून पालटून लिहायचो: गाडी पंक्चर, बस चुकली, घरी पाहुणे. भूगोलाच्या बाई मात्र खरं कारण लिहायच्या. 'पुलावर चतुर.' 'ज्वारीत भोरड्या, मोठा थवा.' 'चातक, यंदाचा पहिला, पारगावजवळ.' एकदा नुसतंच 'वर बघत होते' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. हेडसरांनी त्याखाली लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या प्रश्नचिन्हाशेजारी एक बाण काढला आणि टोकाला 'नैर्ऋत्य' असं लिहून ठेवलं.

शाळा शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडं. बाई राहायच्या केडगावला, म्हणजे दौंड तालुक्यात. रोज सकाळी स्कूटी काढायची, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडायची आणि उसाच्या ट्रॅक्टरांना ओव्हरटेक करत शाळेत यायचं, असं त्यांनी कितीतरी वर्षं केलं. सुती साडी, पायात खेळाचे बूट, डोक्यावर भावाची जुनी क्रिकेटची टोपी. स्कूटीच्या हँडलला सुतळीनं होकायंत्र बांधलेलं. रस्ता त्यांना पाठ होता, मग होकायंत्र कशाला, असं मी एकदा विचारलं. "माझ्यासाठी नाही हो सर. वरनं कोण कुठं चाललंय ते कळायला नको?" त्या म्हणाल्या, आणि हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही याचं त्यांनाच नवल वाटलं.

मी गणिताचा. पहिल्या दिवशी शिक्षकखोलीत पाऊल टाकलं तेव्हा बाईंनी डब्यातून मान वर काढून विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्याहून."

"कोणत्या वाटेनं?"

"तळेगाव ढमढेऱ्यावरून."

"वाटेत काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग आलात कशाला?" असं म्हणून त्या पुन्हा डब्यात शिरल्या. वर्षभर मला बाईंचा राग होता, तो याच वाक्यामुळं.

पुढं कळलं की हे तीन प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात. शिक्षणाधिकारी तपासणीला आले, त्यांनाही विचारले. चौफुल्याच्या वडापावच्या गाडीवर एकदा बिहारकडचा एक कामगार उभा होता, कंपनीच्या गणवेशात. बाईंनी त्याला आपल्या खास हिंदीत गाठलं. "भैया, आपके उधर वो डोक्यावर काळे पट्टे वाला बदक आता है क्या? हिमालय के ऊपर से?" तो बिचारा घाबरला. मग हसून म्हणाला, "आता है मैडम, तालाब पर। चैत तक सब चला जाता है।" बाईंनी तिथल्या तिथं पिशवीतून वही काढली, तारीख घातली, त्याच्या गावाचं नाव लिहून घेतलं आणि त्याच्या वडापावचे पैसे दिले. परत येताना मला म्हणाल्या, "बघा, तोही इतक्या लांबून आला आणि त्यानं डोळे उघडे ठेवले." हा टोमणा मला होता.

बाईंच्या मते जगात दोनच प्रकारचे जीव होते, जाणारे आणि न जाणारे. न जाणाऱ्यांत त्यांना रस नव्हता. कावळा, चिमणी, साळुंकी यांच्याकडं त्या ढुंकूनही बघत नसत. भोरड्या मात्र पार मध्य आशियातून आपल्या ज्वारीवर येतात, म्हणून त्यांना गोफणीनं हाकलणाऱ्या शेतकऱ्यांशी बाई बांधावर उभ्या राहून हुज्जत घालायच्या. "अहो, पाहुणे आहेत!" त्या म्हणायच्या. "पाव्हणं जेवून जात्यात बाई, ही पार कणगी रिकामी करत्यात," शेतकरी म्हणायचे. तरी बाई हुज्जत सोडत नसत.

ऑक्टोबर उजाडला की माझ्या तासांची धूळधाण व्हायची. मी फळ्यावर समीकरण मांडलेलं असायचं, मुलं जरा कुठं डोळे मिटायची थांबलेली असायची, आणि दारावर टकटक. "सर, दोन मिनिटं वर्ग द्या." दोन मिनिटं म्हणजे पाऊण तास. गच्चीवर साठ मुलं आणि वर पिवळसर चतुरांचा थवा. "हे इथून निघतात आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात. वजन किती? तुमच्या खोडरबराच्या तुकड्याहून कमी. आणि तुमचे गणिताचे सर पुण्याला जाताना अजून रस्ता चुकतात." मुलं माझ्याकडं बघून हसायची. मी एकदाच चुकलो होतो, तेही वाघोलीला रस्ता खणलेला होता म्हणून.

या सगळ्या जाणाऱ्यांत बाईंचा जीव अडकला होता तो एका फुलपाखरात. गडद तपकिरी पंख, त्यावर फिकट निळे ठिपके आणि पट्टे. पुस्तकात याला 'ब्लू टायगर' म्हणतात, बाई 'निळा वाघ' म्हणायच्या. दक्षिणेत ही फुलपाखरं पावसाळ्याआधी डोंगरातून पूर्वेच्या मैदानात उतरतात आणि पाऊस सरल्यावर लाखांनी परत डोंगराकडं जातात, हे जाणकारांनी नोंदवून ठेवलेलं आहे. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की आपल्याकडंही हे होतं. सह्याद्रीकडं परतणाऱ्या निळ्या वाघांची वाट शिरूर-दौंडावरून जाते. हे कोणी लिहिलेलं नव्हतं. कोणी पाहिलेलंही नव्हतं. बाईंनाही वर्षाला इकडं दोन, तिकडं चार एवढीच दिसायची, पण सगळी एकाच दिशेला जाणारी. तेवढ्यावर त्यांनी वर्गाच्या नकाशावर शिरूरपासून घाटापर्यंत निळी दोरी ताणून टाचणीनं टोचली होती.

दरवर्षी त्या सांगायच्या, यंदा येणार. दरवर्षी यायची नाहीत. शेवटी गावात तशी म्हणच पडली. एसटीची वाट बघून कंटाळलेला माणूस म्हणायचा, "बाईंची फुलपाखरं आन् ही गाडी, एकदमच यायची." आमच्या पगाराचा फरक रखडला, तेव्हा शिक्षकखोलीत मीच म्हणालो होतो, "तो बाईंच्या फुलपाखरांवर बसून येईल." बाई तेव्हा खोलीत होत्या. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन जागेवर ठेवला आणि वर्गावर गेल्या.

आबांची गाठ पडली ती तागामुळं. आमच्याकडं ऊस लावायच्या आधी रानात ताग पेरतात आणि तो फुलावर आला की नांगरून मातीत गाडतात, खत होतं. निळ्या वाघाच्या जातीला ताग आवडतो, असं बाईंनी कुठंतरी वाचलेलं होतं. म्हणून त्या जिथं ताग दिसेल तिथं स्कूटी थांबवायच्या. शाळेपासून हाकेच्या अंतरावर आबांचं रान. आबा धनगर, पंचाहत्तरीच्या पुढचे, पागोटं आणि हातात काठी. तरुणपणी मेंढरं राखली, मग कालव्याचं पाणी आलं तसं घराणं शेतीत स्थिरावलं.

बाईंनी त्यांना फुलपाखराचं चित्र दाखवलं. आबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"ही व्हय? ही तर आमच्या संगं असायची."

"संगं म्हणजे?"

"दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकणात निघायचो न्हवं का. तवा ही बी निघायची. आमी खालनं, ती वरनं. घाट उतरंस्तवर दिसायची. आमचा बा म्हनायचा, ही पुढं गेली म्हंजी समजायचं, वाट बराबर हाय."

बाई बांधावरच बसल्या. त्या दिवशी मस्टरमध्ये त्यांनी कारण लिहिलं नाही, कारण त्या शाळेत पोहोचल्या तेव्हा शाळा सुटत होती.

मग त्यांनी आबांकडं मागणं मांडलं. ताग सगळा गाडा, पण कडेचे दोन गुंठे दिवाळीनंतरपर्यंत उभे राहू द्या. आबांच्या मुलानं कुरकुर केली, पण आबा म्हणाले, "बाई काय सोनं मागत न्हाईत. ऱ्हाऊ दे." तीन वर्षं आबांनी तो ताग ठेवला आणि बाईंनी तो राखला. राखला म्हणजे कसा, तर चारी बाजूंनी जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधल्या, शेळ्या हाकलल्या, फांदी मोडणाऱ्या मुलाला शंभर वेळा भारताचा नकाशा काढायला लावला. ताग डोक्याएवढा वाढला, पिवळ्या फुलांनी भरला, शेंगा वाजायला लागल्या. फुलपाखरं यायची ती दोन-चारच, घिरटी घालायची आणि जायची.

गेल्या वर्षी तर फजितीच झाली. बाईंना खात्री वाटली म्हणून त्यांनी हेडसरांना गळ घातली, हेडसरांनी पेपरवाल्यांना बोलावलं, आठवी-नववीची सगळी मुलं रांगेनं आबांच्या बांधावर नेली. सकाळपासून दुपारी तीनपर्यंत सगळे आकाशाकडं बघत उभे. आली ती दोन पांढरी फुलपाखरं, तीही कोबीवरची. पेपरवाल्यानं शेवटी आबांचाच फोटो काढला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी हेडसरांनी लेखी आदेश काढला, की शाळेच्या वेळात कोणत्याही कारणानं मुलं आवाराबाहेर न्यायची नाहीत. 'कोणत्याही'खाली रेघ होती.

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत काहीतरी घ्यायला गेलो, तर बाई एकट्या बसलेल्या. डबा उघडलेला, पण खाल्लेला नव्हता. मला बघून म्हणाल्या, "सर, पुढच्या नोव्हेंबरला मी रिटायर होते. म्हणजे अजून एकदाच. नाही आली तर लोक म्हणतील, बाईंनी इतकी वर्षं पोरांना थापा शिकवल्या. मला हसा हो, पण मुलांना वाटायला नको ना, की मी खोटं सांगितलं." मला फार वाईट वाटलं. मीही हसणाऱ्यांतलाच एक होतो, आणि ते त्यांना माहीत होतं.

शेवटचं वर्ष उजाडलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी बाईंचा मला फोन आला. एवढंच म्हणाल्या, "सर, आबांच्या रानात या."

गेलो. ताग नव्हताच. म्हणजे होता, पण आडवा. आबांचा पुतण्या अजून मेंढरं राखतो. कोकणात निघाला की दरवर्षी तो दोन रात्री आबांच्या रानात मेंढरं बसवतो. लेंडीखत होतं, आबांनाही बरं आणि पुतण्यालाही मुक्काम. यंदाही आबांनी शेजारच्या वावरात मेंढरं बसवली. ती साड्यांच्या पट्ट्यांना काय दाद देणार! दोनशे मेंढरं तागात शिरली. काही खाल्लं, उरलेलं तुडवून काडी न् काडी मोडली.

आबा मान खाली घालून उभे होते. "माझंच चुकलं बाई. म्या कडंनं वाघुरीचं जाळं लावायचं व्हतं."

"आबा, तुमचं काय चुकलं? मेंढरंही जाणारीच, वाटेवर होती," बाई म्हणाल्या. मग त्यांनी साडीच्या पट्ट्या एकेक सोडून घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवल्या. त्या दिवशी त्या शाळेत वेळेवर आल्या. पुढचे चार दिवसही वेळेवर आल्या. मला ते बघवेना.

पाचव्या दिवशी पहिला तास नुकताच सुरू झाला होता, तेवढ्यात फाटकातून आबा आत आले. काठी टेकत, जवळजवळ धावत. शिपायानं अडवलं तर त्याला बाजूला सारून थेट मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडले, "बाई! ओ बाई! या लवकर! आली!"

सगळ्या वर्गांच्या खिडक्यांत डोकी आली. बाई वर्गातून बाहेर आल्या त्या हातात खडू तसाच घेऊन. हेडसरही आले. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परवानगी मागितली. "सर, नेऊ का मुलांना?"

हेडसर आबांकडं बघत होते, आदेशाच्या फलकाकडं बघत होते. मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "सर, माझा तास आहे. मोजमाप शिकवतोय. मुलं मी नेतो, जबाबदारी माझी." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढचं पाऊल जरा तोऱ्यातच टाकलं. हेडसर आत जाऊन छत्री घेऊन आले आणि आमच्या मागून निघाले.

लांबून वाटलं, आडव्या पडलेल्या तागाला पुन्हा पालवी फुटलीय, आणि ती काळपट निळी आहे. जवळ गेलो तर ती पालवी उघडमीट करत होती. वाळायला लागलेल्या प्रत्येक मोडक्या काडीवर निळे वाघ बसलेले. एकाला एक चिकटून, देठाच्या तुटलेल्या टोकावर सोंड टेकवून. त्यांच्यात काही पूर्ण तपकिरी, तेही त्याच गोतातले. आमच्या चाहुलीनं एक थर उठायचा आणि पुन्हा बसायचा. मी सवयीनं मोजायला लागलो. एका काडीवर एकवीस, दुसरीवर चौतीस. तीन ओळी मोजल्या आणि सोडून दिलं. गणितात मी हार मानली ती त्या एकाच दिवशी.

बाई गुडघ्यावर बसल्या होत्या. एक काडी उचलली, तरी त्यावरची फुलपाखरं उडेनात. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "मोडलेला! अहो सर, यांना फूल नकोच होतं! मोडून सुकलेल्या देठाचा रस हवा होता! आणि मी शहाणी तीन वर्षं काडी मोडू देत नव्हते!"

"म्हंजी मेंढरांनी बराबर केलं म्हना की," आबा म्हणाले.

बाई हसायला लागल्या. इतक्या मोठ्यानं, की हेडसरांची छत्री हलली. तरी हेडसर ते हेडसरच. घसा साफ करून म्हणाले, "बाई, आली हे मी मान्य करतो. पण ही डोंगराकडंच चाललीत हे कशावरून? उद्या न्हावऱ्याच्या बाजारात जाऊन बसतील."

प्रश्न रास्त होता. बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, शाळेत पळा. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात नेलपॉलिशच्या बाटल्या आहेत. सगळ्या आणा." शाळेत नेलपॉलिश लावून आलेल्या मुलींकडून वर्षानुवर्षं जप्त केलेला तो साठा होता. मी बाटल्या आणल्या तेव्हा नववीतल्या दोघींनी आपापली ओळखली, पण बोलल्या नाहीत. बऱ्याच वाळल्या होत्या. चालू निघाल्या त्या तीन लाल, त्याही तळाला गेलेल्या. बाईंनी दोन बोटांत मिटलेले पंख हलकेच कसे धरायचे ते दाखवलं, आणि मुलींनी मागच्या पंखावर मोहरीएवढं एकेक टिंब दिलं. एक बाटली माझ्याही हातात आली. माझी टिंबं मुलींच्या मानानं बेढब होती. त्रेसष्ट फुलपाखरं झाली तेव्हा बाटल्या संपल्या.

दुपारी एकच्या सुमाराला उन्हं चढली आणि वारा सुटला. आधी दहा-वीस उठली, मग रानच उठलं. आमच्या डोक्यांवरून, उसावरून, शाळेच्या गच्चीवरून सगळी एकाच बाजूला निघाली. आबांनी काठी उचलून मावळतीकडं धरली. "चालली बगा," ते म्हणाले. बाईंनी होकायंत्र बघितलंच नाही. त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि डोळे पुसायला विसरल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी घाटाच्या बाजूला पसरलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. कंडक्टर, तलाठी, दूध डेअरीवाला, वनरक्षक. सगळ्यांना एकच निरोप: लाल टिंब बघा. आठवडा गेला, काही नाही. दहा दिवस गेले. हेडसर रोज विचारायचे, "बाई, काही निरोप?" आणि आता त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती.

महिनाअखेरीला निरोप समारंभ झाला. मैदानात मांडव, पहिल्या ओळीत पालक, आबाही नवं पागोटं घालून आलेले. हेडसरांनी बाईंना शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. बाई माईकपाशी गेल्या. स्वतःबद्दल, नोकरीबद्दल, आठवणींबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पिशवीतून फोन काढला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वेल्ह्याकडच्या एका उपकेंद्रात त्यांची विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिचा सकाळी आलेला निरोप होता.

"'बाई, नमस्कार. आमच्या उपकेंद्रामागच्या ओढ्यावर काल दुपारपासून हजारोंनी फुलपाखरं बसलीत. एकाच्या पंखावर लाल नेलपॉलिश लावल्यासारखं दिसतंय. फोटो पाठवते. हे तुमचंच का?'"

मांडवात आधी कोणाला काही कळलंच नाही. मग नववीच्या मुली किंचाळल्या, आणि मग जो गलका उठला तो काही केल्या थांबेना. फोन हातोहात फिरला. हेडसरांनी फोटो जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला आणि कोणी न सांगता टाळ्या वाजवायला लागले. मी पाहिला. मिटलेला पंख, आणि त्यावर बेढब लाल टिंब. मी नंतर नकाशावर मोजलं: आबांच्या रानापासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. सकाळपासून पाच तास बाईंनी ही बातमी पोटात कशी ठेवली, हे मला अजून उमगलेलं नाही.

बाई मंचावरून खाली उतरल्या. थेट आबांसमोर गेल्या, त्यांना फोन दाखवला. आबांनी फोटो पाहिला, त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"मंग?" ते म्हणाले. "म्या काय खोटं बोलत व्हतो व्हय?"

बाईंनी अंगावरची शाल काढली आणि आबांच्या खांद्यावर घालायला गेल्या. "हा सत्कार तुमचा आहे आबा. तुम्ही सांगितलं नसतं तर मी अजून होकायंत्रच बघत बसले असते."

आबांनी शाल हातानं अडवली. "ऱ्हाऊ द्या बाई. माझ्याकडं घोंगडं हाय," ते म्हणाले. "शाल द्यायचीच असंल तर मेंढरांस्नी द्या. काम त्यांनी केलंय."

सगळा मांडव हसला, आणि बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी शाल घडी घालून स्कूटीच्या डिकीत ठेवली आणि मला विचारलं, पुतण्याची मेंढरं आता कुठवर पोहोचली असतील.